रोना मेअरचा उजवा हात

ग्रेगर लॉरिमर यांना आमच्या क्रेगहेवन या कोळ्यांच्या गावात सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. ते गोल्फ शिकवायचे, आणि तेही एकतीस वर्षं. समुद्राच्या कडेला आमचं मैदान आहे, तिथे क्लबच्या इमारतीमागे त्यांची लाकडी खोली होती. तिथे ते चेंडू आणि हातमोजे विकायचे, काठ्यांच्या झिजलेल्या मुठी बदलून द्यायचे आणि उरलेला वेळ कुणाच्या तरी मागे उभे राहून त्याचा स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, बघायचे. मी त्याच मैदानाचं गवत राखतो. वारा असो, पाऊस असो, आम्ही दोघं रोज सकाळी सातला समोरासमोर यायचो. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे. आणि या गोष्टीत थोडी लाज माझ्याही वाट्याची आहे, ती पुढे येईलच.

माणूस वाईट नव्हता. जाळी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, स्वतःच्या कष्टानं वर आलेला. पँटला रोज इस्त्री, तोंडात कधी शिवी नाही. कोळ्यांच्या पोरांना जुन्या काठ्या कापून लहान करून द्यायचे. पण त्या काळी क्लबातला शिकवणारा माणूस नोकरच समजला जायचा. सभासद पुढच्या दारानं जायचे, मास्तर मागच्या. बोलावल्याशिवाय दिवाणखान्यात पाऊल टाकायचं नाही असा रिवाज होता. मास्तर ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण पुढच्या दाराजवळून जाताना ते कोटाची बटणं लावून घ्यायचे, हे मी पाहिलेलं आहे.

रोना मेअर त्यांच्याकडे आली तेव्हा तेरा वर्षांची होती. बाप बोटीवर, आई बेला धक्क्यावरच्या शेडमध्ये मासे कापायला. शाळा सुटली की रोना आईच्या हाताखाली उभी राहायची. कापलेला हॅडक मासा ती न बघता दहा फुटांवरच्या पेटीत भिरकावायची आणि तो बरोबर पेटीत, शेपूट खाली, असा जाऊन पडायचा. गोल्फची काठी हातात आली तेव्हा तिनं वेगळं काही केलंच नाही. तीच फेक. उजवं कोपर आधी पोटाजवळून पुढे यायचं, हात मागे रेंगाळायचा, आणि अगदी शेवटी अख्खा हात मनगटासकट सुटायचा. चेंडू खालून जायचा, वाऱ्याला भोक पाडत, आणि शेवटी किंचित डावीकडे वळून बसायचा. आमच्याकडच्या वाऱ्यात असा चेंडू म्हणजे देणगीच. सोळाव्या वर्षी तिनं गावातल्या सगळ्या बायकांना हरवलं होतं आणि निम्म्या पुरुषांना आपल्याशी खेळायची धास्ती घातली होती.

शहाऐंशी सालच्या सप्टेंबरात प्रांताच्या मुलींच्या संघासाठी निवड करणाऱ्या एक बाई तिला बघायला आल्या. रोना त्या दिवशी झकास खेळली. नंतर बाई क्लबच्या कप्तानांबरोबर चहा घेत बसल्या होत्या. मास्तर दिवाणखान्याच्या दारात उभे, आत या असं कुणी म्हणायची वाट बघत. बाई म्हणाल्या, “मुलगी चांगली आहे. पण पेटीत मासे टाकल्यासारखं मारते. शिकवलं कुणी हिला?” सगळे हसले. कुणीतरी दाराकडे बघितलं. मास्तर तिथूनच परत फिरले.

हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मास्तरांनी रोनाचा स्विंग बदलायला घेतला.

तेव्हा सगळीकडे एक समजूत होती की चांगल्या स्विंगमध्ये उजवा हात गप्प बसला पाहिजे. सगळं काम डाव्या हातानं आणि खांद्यांनी करायचं, उजव्यानं नुसतं सोबत यायचं. मास्तरांच्या खोलीत तशा चित्रांचा तक्ता होता. त्यांनी रोनाच्या उजव्या काखेत टॉवेल दिला. टॉवेल पडायला लागला तेव्हा चामड्याचा एक पट्टा आणून तिचा दंड बरगडीशी बांधला. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आठवड्यातून तीन संध्याकाळी, मैदानावरच्या शेडमध्ये, चेंडू अडवायच्या जाळीसमोर. बाहेर काही उडताना दिसायचं नाही, नुसता चेंडू जाळीत थप्प करून पडायचा.

“मास्तर, हात अडकतोय,” ती एकदा म्हणाली. मी तेव्हा गवत कापायच्या यंत्राचं पातं धारेला लावायला शेडमध्ये आलो होतो.

“अडकू दे,” मास्तर म्हणाले. “अडकलाच पाहिजे. मासे फेकायचे असतील तर आईकडे जा.”

ती लाल झाली. वाकून तिनं पुढचा चेंडू ठेवला. आपल्यापेक्षा मास्तरांना जास्त कळतं यावर तिचा विश्वास होता, आणि सतरा वर्षांच्या मुलीनं दुसरं काय करायचं.

निवडीचा सामना एप्रिलमध्ये आमच्याच मैदानावर झाला. अर्धं गाव बघायला आलं होतं. बेला कामावरून तशीच आली, खवले चिकटलेला एप्रन घालून, आणि कुंपणाबाहेर उभी राहिली. अठरा होलांपैकी पहिले चार रोनानं कसेबसे काढले. पाचव्यापासून चेंडू उजवीकडे घसरायला लागला. ना वेग, ना दिशा, काटेरी पिवळ्या झुडपांत जाऊन पडायचा. हात पट्ट्याशिवायही बांधलेलाच होता. ती मध्येच सोडायला बघायची आणि मध्येच आवरायची. बाराव्यापर्यंत तिला काठी मागे नेऊन पुढे आणता येईना. ती चेंडूवर वाकून उभी राहायची आणि हात निघायचाच नाही. मग एकदा काठी निघाली ती चेंडूच्या डोक्यावर बसली आणि चेंडू चार पावलं घरंगळला.

तेव्हा लोक हसले. मी सत्तावीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, हातात वाळू सारखी करायचं दाताळं. मीही हसलो. मोठ्यानं नाही. पण हसलो.

सामन्यानंतर मास्तरांना आत बोलावलं, पुढच्या दारानं. पहिल्यांदाच. बाईंनी विचारलं, काय झालं हो पोरीचं? सप्टेंबरात तर एवढी चांगली खेळत होती. त्या वेळी मास्तरांना एक वाक्य बोलता आलं असतं. मी तिचा हात बांधला, एवढंच. ते म्हणाले, “हातात गुण आहे, पण पोरगी काळजाची कच्ची आहे.”

माना डोलल्या. कुणीतरी त्यांच्या हातात पेला दिला.

कोळ्यांच्या गावात हा शब्द किती लांब जातो हे बाहेरच्याला कळायचं नाही. ज्यांची माणसं जानेवारीत समुद्रावर जातात त्यांच्यातल्या एका मुलीला कच्च्या काळजाची म्हणायचं. आठवड्याभरात तो शब्द धक्क्यावर पोचला. तिच्या काकानं बोटीवर तिच्या बापाला त्यावरून टोचलं, दोघांची मारामारी झाली. मी स्वतः दारूच्या गुत्त्यात ते वाक्य दोनदा बोललो, मास्तरांच्या आवाजाची नक्कल करून. रोनानं काठ्यांची पिशवी मास्तरांच्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि ती परत मैदानावर आली नाही.

पुढे तिनं लग्न केलं, मुलगी झाली, नवरा तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिला. रोनानं माशांची गाडी घेतली. पहाटे धक्क्यावर लिलावात मासे घ्यायचे, कापायचे आणि आतल्या गावांमधून विकत फिरायचं. आमच्या चौकात ती गुरुवारी उभी राहायची. मास्तरांच्या घरी मासे त्यांची बायको मॉइरा आणायची. गुरुवारी मास्तर चौक टाळून चर्चच्या मागनं जायचे. एवढ्याशा गावात पंचवीस वर्षं एका माणसाला टाळणं सोपं काम नाही. त्यांनी ते टाळलं.

दोन हजारच्या सुमाराला शिकवणाऱ्यांसाठी कसलासा वर्ग निघाला. मास्तर आठवडाभर जाऊन आले. तिथे कुणी तरुण प्रशिक्षकानं मोठमोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती अगदी सावकाश करून दाखवल्या होत्या. उजवा हात गप्प बिप्प काही नसतो. कोपर कमरेपुढे येतं, हात वाकलेलाच राहतो, आणि चेंडूच्या जरा आधीपासून तो सरळ होत जातो, तळवा जमिनीकडे वळतो. तो हात सुटला नाही तर चेंडू उजवीकडे मरतो. मास्तर परत आले आणि लोकांना तसं शिकवायला लागले. उजव्या हातात नुसता चेंडू देऊन खालून फेकायला लावायचे. किनाऱ्यावर नेऊन पाण्यावर चपटे दगड मारायला लावायचे. साठीचे लोक लांब मारायला लागले. शेजारच्या गावांमधून माणसं यायला लागली.

मी एकदा सहज म्हणालो, “मास्तर, हे तर रोना करायची की.”

ते एका काठीला नवी मूठ बसवत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, “कोण रोना?”

मी माझ्या यंत्राकडे परत गेलो.

अशी आणखी दहा वर्षं गेली. मग मॉइरा वारली. तिचं कपाट आवरताना मास्तरांना एक जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली. ती लावायचं यंत्र गावात माझ्याकडेच उरलं होतं म्हणून ते दुपारी माझ्याकडे आले. माझ्या बायकोनं धुरावलेल्या हॅडकचं सूप केलं होतं, ते समोर ठेवलं. पडद्यावर रोना आली. सोळा वर्षांची, निळा स्वेटर, केस तोंडावर. क्लबनं तेव्हा नवा कॅमेरा घेतला होता आणि मास्तरांनी तिला तिची चूक दाखवायला म्हणून पाच फटके टिपले होते.

त्यांनी मला दर फटक्याला थांबवायला लावलं. तिसऱ्या वेळी ते उठून पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवलं. “हे कोपर बघ. आणि आता हात बघ. इथे सुटला. दहा वर्षं मी लोकांना हे शिकवतोय, फर्गस, आणि अजून एकाचंही इतकं चांगलं होत नाही.”

मी म्हणालो, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, मास्तर. सगळेच तसं शिकवायचे.

ते खाली बसले. मग त्यांनी मला दाराशी ऐकलेलं ते वाक्य सांगितलं, मासे टाकल्यासारखं, आणि आत काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ते कच्च्या काळजाचं वाक्य त्यांच्याच तोंडून निघालं होतं हे गावाला माहीत होतं, पण ते खोटं आहे हे त्यांना बोलतानाच ठाऊक होतं, हे नव्हतं माहीत. “चुकीचं शिकवलं ते अज्ञान,” ते म्हणाले. “पण तिचं नाव मी माझ्या चुकीवर पांघरूण म्हणून घातलं. आणि त्या वर्गात पहिल्याच दिवशी मला ती आठवली. तू तिचं नाव काढलंस तेव्हा ‘कोण रोना’ म्हणालो. तिचंच नाव जिभेवर होतं माझ्या.”

सूप कुणी प्यायलं नाही. मीही माझं हसणं सांगायला हवं होतं तेव्हा. सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मास्तर चौकात रांगेला उभे राहिले. नंबर आला तेव्हा दोन हॅडक मागून घरी गेले. दुसऱ्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी रोनानं सुरी खाली ठेवली.

“मास्तर, पंचवीस वर्षं तुम्ही या गाडीकडे फिरकला नाहीत आणि आता एकटा माणूस आठवड्याला एवढे मासे खातोय. काही बोलायचंय का?”

मागे पाच बायका उभ्या होत्या. मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली, पुडकं घेतलं आणि निघाले.

तिला सांगता आलं नाही म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नोव्हेंबरात क्लबचं वार्षिक जेवण असतं. जेवण झाल्यावर मास्तर उठून उभे राहिले आणि साठ माणसांसमोर म्हणाले की रोना मेअरचा खेळ मी बिघडवला, आणि तिच्या काळजाबद्दल बोललो ते खोटं होतं. मग कप्तानांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. लोक येऊन मास्तरांच्या पाठीवर थोपटायला लागले. या वयात असं कबूल करायला केवढं मोठं मन लागतं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मला हलके वाटले. शीळ घालत होते.

गुरुवारी मी त्यांच्याकडे लाकडं टाकायला गेलो होतो. माशांची गाडी त्यांच्या गल्लीत येऊन थांबली. रोना एप्रनसकट उतरली. आत या म्हटलं तर आली नाही, दारातच उभी राहिली.

“साठ जणांना सांगितलंत,” ती म्हणाली. “त्यात मी नव्हते.”

मास्तर काही बोलायला गेले.

“थांबा. मला ते गाडीपाशी कळलं, पाव किलो कोळंबी घेणाऱ्या बाईकडून. पंचवीस वर्षं लोक म्हणायचे रोनाचं काळीज कच्चं. आता म्हणतात मास्तरांचं काळीज केवढं मोठं. दोन्ही वेळा बोललात तुम्ही, आणि दोन्ही वेळा वाहवा तुमचीच. माझं काय झालं हे मला कुणी विचारलं? तेव्हा? आता?”

तिचा आवाज चढला नव्हता. मास्तर हातातला लाकडाचा ओंडका खाली ठेवायचंही विसरले होते. मग त्यांनी विचारलं, “मी काय करू?”

“ते पण मीच सांगायचं,” ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर मास्तरांनी क्लबात जाणं बंद केलं. शिकवायला आले तर खोलीचं दार लावून घ्यायचे. मला म्हणाले, “केलं तेव्हाची लाज एक होती. ही सांगितल्याची लाज आहे, आणि ही जास्त आहे.” त्यांना वाटायचं, आपण तिला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं केलं आणि आपण बाजूला उभे राहून पेला घेतला. ते चूक नव्हतं.

फेब्रुवारीत एका दुपारी मी सरावाच्या मैदानावर पाण्याची नळी उकरत होतो. रोना आली. हातात कुणाची तरी मागून आणलेली सात नंबरची काठी. मास्तर तिथेच चेंडू गोळा करत होते. ती त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबली. म्हणाली की धक्क्यावरच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षं झाडू धरून फिरवते. कुणी नसतं तेव्हा. दर वेळी हात त्याच जागी थांबतो.

“मासा फेकते तेव्हा सुटतो. काठी धरली की बरगडीला चिकटतो. तुम्ही चिकटवलात, तुम्हीच काढा. पण मला हात लावायचा नाही.”

मास्तर “बरं” म्हणाले आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. पुढचे तीन महिने ते हात मी तिच्यासमोर क्वचितच बाहेर पाहिले.

ते शिकवणं मी पाहिलं आहे, कारण माझं काम तिथेच होतं आणि नसलं तरी मी काढायचो. पहिले दोन आठवडे त्यांनी तिला काठी धरूच दिली नाही. किनाऱ्यावर जाऊन चपटे दगड, रोज चाळीस, आणि दर दगडाला कोपर एप्रनच्या खिशाला घासून पुढे गेलं पाहिजे. मग मास्तरांनी मोडक्या काठ्यांचा भारा आणला आणि त्या फेकायला लावल्या. चेंडूसमोर उभं राहिल्यासारखं उभं राहायचं, मागे न्यायची आणि समोर डावीकडे गवतात सोडून द्यायची, दोन्ही हातांतून. हात आखडला की काठी उजवीकडे झुडपात जायची, सुटला की सरळ भिरभिरत जायची. खोटं बोलायला जागाच नाही. पहिल्या दिवशी बारापैकी दहा झुडपात. ओरबाडून घेत मीच त्या काढल्या.

मग नुसता उजवा हात. काठी आखूड धरून, कमरेपर्यंत मागे, आणि पुढे गवताचा शेंडा उडवत. डावा हात पाठीमागे. दोन हात लावले तर मुठीवर त्यांच्यात चार बोटांची फट ठेवायची, म्हणजे उजवा काय करतो ते अंगाला कळतं. तिची फेक परत यायला लागली. पण चेंडू ठेवला की संपलं. सतरा वर्षांची मुलगी परत येऊन वाकून उभी राहायची.

मार्चमध्ये एकदा चेंडू ठेवलेला होता, ती आखडली, आणि मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “कोपर आत.”

तिनं काठी खाली टाकली. त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तर वळले आणि समुद्राच्या भिंतीपर्यंत चालत गेले, वाऱ्यात, टोपीशिवाय. तिथे बराच वेळ पाठमोरे उभे होते. मला वाटलं आता ही जाईल. ती गेली नाही. ते परत आले तेव्हा म्हणाले, “चुकलो.” ती म्हणाली, “माहीत आहे. पुढे काय?”

पुढे त्यांनी तिला चेंडूकडे बघूच दिलं नाही. मान वळवून बंदराकडे बघ, आणि फेक. चेंडू मध्ये आला तर आला. कितीतरी वेळा काठी वरून गेली, कितीतरी वेळा मातीत. एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी तो आवाज आला. नीट बसलेल्या चेंडूचा आवाज कोरडा असतो, लाकूड फुटल्यासारखा. चेंडू खालून गेला, वाऱ्यात घुसला आणि शेवटी किंचित डावीकडे वळला.

मी नळी धरून उभा होतो, पाणी बुटात चाललेलं. मग ती म्हणाली, “अजून एक ठेवा.” मास्तर वाकले. हात खिशातून काढले, पण चेंडू लाकडी खिळीवर राहीना, तीनदा पडला. शेवटी तिनं स्वतः वाकून ठेवला. त्या दिवशी तिनं आणखी अकरा मारले. चार उजवीकडे मेले.

सगळं परत आलं नाही, कधीच नाही. दहातले सहा, फार तर सात. ऑगस्टमध्ये बायकांच्या स्पर्धेत ती उतरली. वय त्रेचाळीस. दोन सामने जिंकली आणि तिसऱ्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीकडून चौदाव्या होलवर हरली. हात मिळवताना हसत होती. बघणाऱ्यांत कुणीतरी कौतुकानं म्हणालं, “रोनाचं काळीज कच्चं नाही बरं का.”

ती थांबली. “तेव्हाही नव्हतं,” ती म्हणाली. “हात बांधला होता.”

मी जमिनीकडे बघितलं. त्या आठवड्यात चौकात रांग संपेपर्यंत थांबून मी तिला सांगितलं की त्या दिवशी बाराव्यावर जे हसले त्यांत मीही होतो, आणि नंतर गुत्त्यातही बोललो. ती माशाचे काटे काढत होती. “तुझं हसू लांबून ओळखू येतं, फर्गस,” ती म्हणाली. “मला तेव्हापासून माहीत आहे. किती देऊ?” मी चार हॅडक घेतले. घरी आम्ही दोघंच.

हिवाळ्यात क्लबनं मास्तरांना मानद आजीव सभासद करायचं ठरवलं. पत्र आलं, जाड कागदावर. त्यांनी दोन ओळींत नकार कळवला आणि कारण लिहिलं नाही. कप्तान मला विचारायला आले, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हणालो, आत्ताच कुठे ठिकाणावर आलंय.

पुढच्या वसंतात रोनानं माशांच्या शेडमधल्या बायकांना खेळायला आणायला सुरुवात केली. मंगळवारी सकाळी, कारण त्या दिवशी लिलाव नसतो. सुरुवातीला चार जणी आल्या, एप्रन काढून गाडीत टाकून, एकमेकींची चेष्टा करत. ती त्यांना फेकायलाच शिकवते. त्यांना वेगळं शिकवायला लागत नाही फारसं.

मास्तरांनी तिला विचारलं होतं, मी येऊ का, नुसता चेंडू वेचायला. ती म्हणाली, “नको. तुम्ही आलात की त्या तुमच्याकडे बघतील.” ते मला त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही. तेव्हापासून मंगळवारी ते मैदानावर येत नाहीत. गुडघा दुखत असतानाही इतर सहा दिवस येतात.

गेल्या मंगळवारी मी डिझेल आणायला गावात गेलो तर ते बंदराच्या बाकावर बसले होते, फ्लास्क मांडीवर, मैदानाकडे पाठ करून. मी गाडी थांबवली. त्यांनी विचारलं, आज किती जणी आल्या?

“अकरा,” मी म्हणालो. “दोघी नव्या आहेत. एक डावखुरी.”

“डावखुरी,” ते म्हणाले. मग काठी फिरवल्यासारखा डावा हात जरा उचलला, आणि मध्येच आवरून खिशात घातला. फ्लास्कचं झाकण लावून ते उठले आणि घराकडे चालायला लागले.